सुरका, कापड आणि टार्टन : चौकडीची पार्श्वभूमी

मोठ्या चौकडीचा शर्ट दिसला की दुकानदार त्याला बिनदिक्कत ‘स्कॉटिश चेक्स’ म्हणतो. कोकण किनाऱ्याला चौकडीसाठी स्कॉटलंडचं तोंड बघावं लागलेलं नाही. कोळ्यांचा सुरका म्हणजे रंगीत चौकड्यांचा चौकोनी रुमालच. तिरका दुमडून कमरेला असा बांधतात की पुढे त्रिकोण येतो. गोव्यात कुणबी बायका लाल-पांढऱ्या चौकडीचं ‘कापड’ गुडघ्यापर्यंत नेसत आणि खांद्यावर गाठ मारत, तिला देठली म्हणतात. चिखलात उतरून लावणी करायची तर पायघोळ नेसण कामाची नाही.

चौकडीत नक्षीपेक्षा हिशेब जास्त. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, जे रंग ज्या क्रमानं, तेच बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत. लाल आणि पांढरं सूत घेतलं तर छटा तीन होतात: लाल, पांढरी आणि दोन्ही एकमेकांवर येतात तिथली गुलाबीसर. रंग तीन घेतले की छटा सहा, सहा घेतले की एकवीस.

साध्या विणीत धागा एकावर, एकाखाली जातो. टार्टनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या चौकडीच्या कापडात, दोनांवर, दोनांखाली, आणि दर ओळीला एक धागा सरकून. त्यामुळे मिश्र छटेवर बारीक तिरप्या रेघा उमटतात. चौकडी टार्टनची की साधी, हे ओळखायला त्या रेघा पुरतात. बहुतेक टार्टनांत पट्ट्यांचा क्रम ठरावीक पट्ट्याशी पोचून आरशातल्यासारखा उलटा फिरतो.

बिघडतं ते आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या मागावरच्या फणीच्या ठोक्यावर. ताण्यात इंचाला 40 धागे असताना ठोका जोरात बसून बाण्यात 50 गेले, तर 40 धाग्यांचा पट्टा रुंदीला 1 इंच आणि उंचीला 0.8 इंच होतो. चौकोन बसका दिसतो. ठोका हलका पडला की तोच उभट.

स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्कजवळ सापडलेला चौकडीचा लोकरी तुकडा तिसऱ्या शतकातला, न रंगवलेल्या दोन छटांचा. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनं झालेल्या जॅकोबाइट बंडानंतर 1746 च्या कायद्यानं हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या टार्टनच्या पेहरावावर बंदी आली, सैनिक वगळून. ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सोहळाच टार्टनमय केला. ‘अमुक घराण्याचं अमुक टार्टन’ हा पक्का हिशेब बराचसा त्याच शतकातला, दिसतो तेवढा पुरातन नव्हे. आणि चौकडीच्या कापडाला ‘प्लेड’ही म्हणतात, ते तिकडे मुळात अंगावर घ्यायचं घोंगडीवजा वस्त्र.

कुणबी कापड अलीकडे फॅशनच्या मंचावर आणलं ते गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी. शिवायला घेताना मात्र चौकडी हिशेब मागतेच. खिसा, बटणपट्टी आणि बाजूची शिवण जुळवायची तर दर तुकड्यामागे एक पूर्ण चौकडी जास्त धरावी. 4 इंची चौकडीला 4 इंच. सुती कापड आधी भिजवून वाळवावं, नाहीतर ते आटल्यावर जुळवलेल्या रेघा सरकतात. लाल-पांढरं असेल तर भिजवण गार पाण्यात, एकटंच. पिळून गोळा ठेवलं की ओल्या घडीत लाल पांढऱ्यात उतरतो.