मॉनिटरशेजारचा निवडुंग

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत अजूनही मॉनिटरशेजारी निवडुंगाची छोटी कुंडी दिसते. का, तर म्हणे ‘तो रेडिएशन शोषतो’. काट्याने काटा काढतात, इथे किरणं काढायची! मुळात निवडुंगाचे काटे म्हणजे त्याची रूपांतरित पानं. पाणी वाचवायचं, चरणारी जनावरं लांब ठेवायची, एवढंच त्यांचं काम. झाडातलं पाणी रेडिओलहरी थोड्याफार शोषतं हे खरं, पण झाडावर आदळतील तेवढ्याच. तुमच्या चेहऱ्याकडे निघालेल्या लहरी वाट वाकडी करून कुंडीत कशाला शिरतील? जुन्या डबा-मॉनिटरमधली क्ष-किरणं त्याची जाड काचच अडवायची. आजच्या सपाट पडद्यात ती तयारच होत नाहीत. कुंडी शोभेला खुशाल ठेवा. पाणी मात्र रोज नको, आमचा तसाच कुजला.