काटा हलतो, फोन का तापतो?

मोर्शीजवळ माझ्या चुलतभावाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार धरला की उन्हाळ्यात पाणी तुटून चालत नाही, आणि विहिरीवरच्या मोटारीला कमी व्होल्टेजची कायम धास्ती. म्हणून स्टार्टरच्या पेटीत व्होल्टेज मोजणारा एक सेन्सर बसवला आणि फोनवर दिसेल असं पान मी त्याला करून दिलं. वर डायल आणि काटा, खाली दिवसभराचा आलेख. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "भाऊ, मोबाईल तं तवा होऊन राह्यला. काटाबी अडकत अडकत चालते."

सेन्सर तर सेकंदाला एकच आकडा पाठवतो. मग एवढा घाम कशाचा?

चित्र एसव्हीजीत होतं, म्हणजे व्हेक्टर. व्हेक्टर चित्र म्हणजे तोंडी सांगितलेली रांगोळी: इतके ठिपके, इतक्या ओळी, इथून तिथे पाकळी. अंगण केवढंही असो, रेघ धारदारच येते. पण काढायला कुणीतरी दरवेळी वाकावं लागतं. ब्राउझर वक्र रेषेचे बारीक तुकडे पाडतो, कोणता पिक्सेल आत, कोणता बाहेर, काठावरचा किती झाकला हे ठरवतो, मग रंग भरतो. 720 बाय 1600 च्या स्क्रीनवर साडेअकरा लाख पिक्सेल असतात. स्क्रीन सेकंदाला 60 वेळा ताजी होते, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद.

काटा झटक्यानं न उडता सरकत जावा, अशी हौस मला. त्या प्रत्येक सरकण्याला मी डायल, आकडे, आलेख, सगळंच नव्यानं काढत होतो. वर डायलखाली शोभेची धूसर सावली. ती धूसर करायची तर प्रत्येक पिक्सेलसाठी शेजारचे पिक्सेल वाचावे लागतात. एक पाकळी पुसली म्हणून काकू अख्खं अंगण सारवत नाही. मी सेकंदाला 60 वेळा सारवत होतो.

सावली काढून टाकली. डायल एकदाच काढून त्याचं तयार चित्र ठेवलं. काट्याचा स्वतंत्र थर केला आणि फक्त फिरवला. तयार थर फिरवून एकमेकांवर ठेवणं हे ग्राफिक्स चिपचं रोजचंच काम.

आलेखाचं दुखणं निराळं. आठ तासांच्या विजेत 28,800 बिंदू जमतात, आणि स्क्रीनची रुंदी 720 पिक्सेल. एकेका उभ्या पट्टीत 40 बिंदू कोंबलेले, डोळ्याला दिसणार काय? सरासरी काढणं सोपं होतं, पण सरासरीत एका सेकंदाचा खड्डा बुजून जातो, आणि तो खड्डा दिसावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. म्हणून प्रत्येक पट्टीतला फक्त सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू ठेवला. उरले 1,440. खड्डे शाबूत.

थरही फुकट नसतात. स्क्रीनभर एक थर म्हणजे पिक्सेलमागे चार बाइट, 46 लाख बाइट मेमरी. उत्साहात प्रत्येक आकड्याला थर दिला तर स्वस्त फोनचा दम निघतो. आणि बोटांनी डायल मोठा केला की तयार चित्र क्षणभर अंधुक दिसतं, मग ब्राउझर ते पुन्हा काढतो.

भावानं तेही हेरलं. "मोठं केलं का आकडे फुसके होतेत पाह्य." ते मी तसंच राहू दिलं. धुऱ्यावर उभं राहून डायल मोठा करून पाहणारा तो एकटाच आहे.