हद्दीबाहेरचे गरीब : चर्चच्या मदतीची जुनी अडचण

शहरात आलेल्या गरीब स्थलांतरितांना मदत करताना चर्चची होणारी ओढाताण आजची नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातच ती दिसते. जेरुसलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी कुरकुर सुरू झाली. तोडगा म्हणून सात जण नेमले. सातही नावं ग्रीक. वाटपाचं काम बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांकडे गेलं. हा शहाणपणा पुढे फारसा कुणी गिरवला नाही.

नंतर मदतीचा गाडा पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या ठरलेल्या हद्दीवर चालू लागला. वाटसरूला मठाच्या दारी घास मिळे, पण कायमची जबाबदारी हद्दीतल्या गरिबांचीच. इंग्लंडमध्ये १६०१च्या कायद्याने गरिबांचा खर्च पॅरिशच्या करावर टाकला आणि १६६२च्या कायद्याने हद्दीला कुंपणच घातलं. वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत उतरलेल्या नवख्याविरुद्ध ४० दिवसांच्या आत तक्रार झाली, की त्याला मूळ पॅरिशकडे धाडता येई. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं ठरे. म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला हद्दीपार पोहोचवायची घाई. ही वसुली आणि वाटप पाहणाऱ्यांत चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे स्थानिक पदाधिकारीही पदसिद्ध असत.

कारखान्यांमुळे शहरं फुगली आणि ही घडी विस्कटली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत थॉमस चाल्मर्स या धर्मगुरूंनी १८१९पासून सुमारे १० हजार वस्तीच्या सेंट जॉन्स पॅरिशचे २५ भाग पाडून प्रत्येकावर डीकन, म्हणजे मदतीचं काम पाहणारा चर्चचा सेवक नेमला. मागायला आलेल्याला काम मिळेल का, नातेवाईक सांभाळतील का, याची आधी चौकशी होई. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीत राहिलेल्यांना हे प्रश्न ठीक. नुकत्याच आलेल्याचे नातेवाईक आणायचे कुठून?

भाषेचा प्रश्न तर सुटलाच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये आयरिश मंडळींच्या चर्चमध्ये इटालियन मजुरांना अनेकदा तळघरात मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, ऐकावी लागे. धर्म एक, पंथही एक, तरी वरचा मजला दुसऱ्यांचा. इटलीतले बिशप स्कालाब्रिनी यांनी १८८७मध्ये खास स्थलांतरितांसाठी धर्मसंघ काढला, १८८९मध्ये इटालियन नन फ्रान्सिस कॅब्रिनी स्थलांतरितांच्या सेवेसाठी न्यूयॉर्कला पोहोचल्या. आपल्या भाषेतला धर्मगुरू मिळाला, पण चर्चही भाषावार विभागली गेली.

विसाव्या शतकात कागदपत्रांचा पेच आला. १९८२मध्ये अमेरिकेतल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरहून पळून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना उघडपणे आसरा दिला. सरकारने खबरे पेरले, खटला भरला आणि १९८६मध्ये पास्टर जॉन फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. कुणालाही तुरुंगात जावं लागलं नाही. पण त्यानंतर दारात आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायचं की नाही, आणि विचारलं तर वहीत लिहायचं की नाही, हा चर्चच्या कचेरीतला रोजचा प्रश्न झाला.