अवजड यंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण: धरणाच्या कामावरून प्रशिक्षणवर्गापर्यंत

बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर, लोडर, डंपर, मोटर ग्रेडर अशा अवजड यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती हा आज चांगली मागणी असलेला व्यवसाय आहे. तरीही हे काम नेमके कुठे शिकायचे, या प्रश्नाला एक सरळ उत्तर मिळत नाही. कोणी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून या कामात येतो, कोणी कोळसा खाणीत अप्रेंटिस म्हणून सुरुवात करतो, कोणी लष्करी सेवेतून निवृत्त होऊन ठेकेदाराकडे रुजू होतो आणि बरेच जण एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर म्हणून ग्रीस भरता भरता शिकतात. या वाटा इतक्या विखुरलेल्या का राहिल्या, हे समजून घ्यायचे तर ही यंत्रे आपल्याकडे कशी आली आणि ती दुरुस्त करण्याचे ज्ञान त्या त्या काळी कोणाच्या हाती होते, हे पाहावे लागते.

भारतात अशी यंत्रे मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धात. आसाममधील लेडो येथून ब्रह्मदेशामार्गे चीनकडे जाणारा रस्ता १९४२ ते १९४५ या काळात अमेरिकन सैन्याच्या पुढाकाराने बांधला गेला आणि त्यासाठी आणलेली यंत्रसामग्री युद्ध संपल्यावर इथल्या बाजारात उपलब्ध झाली. मुंबईतील लार्सन अँड टुब्रो या भागीदारी संस्थेला १९४५मध्ये अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीची यंत्रे विकण्याचे हक्क मिळाले होते. युद्धातून शिल्लक राहिलेली कॅटरपिलर यंत्रे तेव्हा किफायतशीर दरात मिळत होती, पण ती घेण्याइतके भांडवल दोघा भागीदारांकडे नव्हते. ते उभारण्याच्या निमित्तानेच फेब्रुवारी १९४६मध्ये संस्थेचे रूपांतर खासगी मर्यादित कंपनीत झाले. केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशननेही युद्धातून उरलेल्या ट्रॅक्टरांवरच कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापलेली जमीन नांगरून लागवडीखाली आणण्याचे काम सुरू केले आणि या कामाच्या यंत्रांसाठी १९४९मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले.

वापरून झालेली, सुटे भाग सहज न मिळणारी यंत्रे हाताळणे ही आपल्या मेकॅनिकांची पहिली शाळा होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवीन यंत्राबरोबर माहितीपुस्तिका येते, विक्रेत्याचा माणूस येतो. जुन्या यंत्राबरोबर फक्त त्याचे दोष येतात. एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्याला बसवणे, झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा मापात आणणे, परदेशी भागाच्या जागी स्थानिक कारखान्यातून घडवून घेतलेला भाग वापरणे, हे कौशल्य त्या टंचाईतून तयार झाले. पद्धतशीर प्रशिक्षणाची गरजही लवकरच जाणवली आणि मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले.

त्यानंतरचे मोठे विद्यापीठ म्हणजे धरणांची कामे. भाक्रा धरणाच्या बांधकामाची सूत्रे हार्वे स्लोकम या अमेरिकन तज्ज्ञाकडे होती. स्लोकम यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. अमेरिकेतील बांधकामांवर कामगार म्हणून सुरुवात करून ते वर चढले होते. परदेशी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे भारतीय फिटर, वेल्डर आणि मेकॅनिक पुढे दुसऱ्या प्रकल्पांवर गेले आणि जाताना आपल्या हाताखालचा जथाही घेऊन गेले. कोटा आणि नागार्जुनसागर येथे अवजड यंत्रांचे ऑपरेटर आणि मेकॅनिक तयार करणारी सरकारी केंद्रेही निघाली. ही दोन्ही ठिकाणे धरणप्रकल्पांचीच होती. ज्या गावात यंत्र चालते तिथेच वर्ग भरवणे तेव्हा स्वाभाविक होते, कारण बंद पडलेले यंत्र हेच शिकवण्याचे साहित्य होते.

महाराष्ट्रात कोयना आणि जायकवाडी या प्रकल्पांचा काळ याच परंपरेतला. पैठणजवळचे जायकवाडीचे मातीचे धरण जवळपास दहा किलोमीटर लांबीचे आहे. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मातीचा भराव थराथराने पसरून, पाणी मारून, रोलरने दाबत वर न्यावा लागतो आणि पाऊस आला की काम थांबते. त्यामुळे उन्हाळ्यात यंत्र एक दिवस जरी बंद पडले तरी अख्खी साखळी खोळंबते. अशा ठिकाणी दुरुस्ती शिकणाऱ्याला घाईत काम करण्याची सवय लागली, आणि त्या सवयीचे गुण आणि दोष दोन्ही या व्यवसायात आजही दिसतात.

या सगळ्याला समांतर औपचारिक शिक्षणाचा प्रवाह चालू होता, मात्र त्याची दिशा थोडी वेगळी होती. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५०मध्ये सुरू झाली, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि १९५६मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. फिटर, टर्नर, वेल्डर, मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक हे त्यांचे व्यवसाय कारखान्याची आणि मोटार गॅरेजची गरज डोळ्यांपुढे ठेवून आखले गेले होते. बुलडोझर ज्या पोलादी पट्ट्यावर चालतो त्या ट्रॅक चेनचा ताण कसा तपासावा, ती चेन पेलणारी आणि फिरवणारी रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट ही चाके किती झिजल्यावर बदलावीत, या गोष्टी त्या वर्गांत शिकवणे अवघड होते, कारण संस्थेच्या आवारात बुलडोझरच नसे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. उमेदवाराला प्रत्यक्ष आस्थापनेत ठेवून शिकवण्याची सक्ती मोठ्या मालकांवर आली आणि अर्थमूव्हिंग यंत्रांचा मेकॅनिक हा शिकाऊ उमेदवारीचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्य झाला.

पुण्याचा या इतिहासातील वाटा अनेकांच्या लक्षात येत नाही. लष्कराच्या अभियंत्यांची शिक्षणसंस्था १९४८मध्ये रुडकीहून पुण्यात आली. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि तिच्या ग्रेफ (जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स) या दलाचे केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे. वाहन मेकॅनिक आणि उत्खनन यंत्रांचे ऑपरेटर म्हणून तिथून गेलेली मुले लडाखपासून अरुणाचलपर्यंत डोझर सांभाळतात. उणे तापमानात गोठणारे डिझेल, विरळ हवेत दम तोडणारे इंजिन आणि जवळ कुठेही नसलेले सुट्या भागांचे दुकान, अशा परिस्थितीत शिकलेला माणूस निवृत्तीनंतर गावाकडे परततो तेव्हा त्याच्याकडे कोणत्याही अभ्यासक्रमात न मिळणारा अनुभव असतो.

जपानच्या कोमात्सु कंपनीच्या सहकार्याने यंत्रे बनवणारी भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी १९६४मध्ये निघाली आणि देशी डोझर मिळू लागले. तरी दुरुस्तीच्या शिक्षणाची खरी उलथापालथ झाली ती हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, एक्स्कॅव्हेटर आल्यावर. जुने शॉव्हेल, म्हणजे खोदाईचे यंत्र, पोलादी दोरांवर चालत असे. दोर विसविशीत झाला, क्लच जळला, ब्रेकची पट्टी झिजली, तर ते डोळ्यांना दिसे आणि नाकाला कळे. सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोने फ्रान्समधील पोकलेन कंपनीच्या तंत्राने हायड्रॉलिक यंत्रे बनवायला घेतली आणि दोष नळ्यांच्या आत जाऊन बसला. बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, हळू उचलते आहे, यामागे पंप झिजलेला असेल, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह सैल झालेला असेल, सिलिंडरचे सील फाटलेले असेल किंवा नुसता फिल्टर तुंबलेला असेल. बाहेरून चारही वेळा लक्षण एकच दिसते. आजच्या एक्स्कॅव्हेटरमध्ये तेलाचा दाब साधारण ३०० ते ३५० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या शंभरपटीहून अधिक असतो. पंपाच्या आतील भागांमधली फट इतकी बारीक असते की डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही तिथे ओरखडा पाडतो. म्हणून प्रेशर गेज लावून एकेक शक्यता वगळत जाणे, तेलाच्या सर्किटची आकृती वाचता येणे आणि स्वच्छता पाळणे ही तीन कौशल्ये अपरिहार्य झाली. उघड्या माळावर पंप खोलण्याची सवय असलेल्या मिस्त्रींना यातले तिसरे सगळ्यात जड गेले. एकेक भाग बदलत बसण्याची महागडी पद्धत आजही टिकून आहे, ती मेकॅनिकच्या आळसामुळे टिकली असे मी मानत नाही. आकृती वाचायला त्याला कोणी बसवून शिकवलेच नाही, हे तिचे कारण आहे.

खाणींमध्ये मात्र शिक्षणाला कायद्याचा आधार मिळाला. १९६६च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी कामगाराला कामावर घेण्यापूर्वी प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. सत्तरच्या दशकात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, चंद्रपूर आणि वणी परिसरात उघड्या खाणी वाढत गेल्या आणि नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कार्यशाळा हे विदर्भातील तरुणांचे शिकण्याचे ठिकाण झाले. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींनीही असेच मेकॅनिक घडवले. २०१२मध्ये तिथले खाणकाम थांबले तेव्हा यंत्रे आणि ती सांभाळणारी माणसे दोन्ही कामावाचून राहिली.

१९७९मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत जेसीबी कंपनी भारतात आली आणि हरियाणातील बल्लभगड येथे पुढे लोडर आणि मागे खोदाईचा हात असलेले बॅकहो लोडर बनू लागले. हे यंत्र ठेकेदाराच्या यार्डातून बाहेर पडून हळूहळू गावातल्या तरुणाच्या मालकीचे झाले. २०१४च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यावर नाला खोलीकरणाच्या कामांनी त्याला आणखी चालना मिळाली. कर्जाचा हप्ता चालू असताना यंत्र उभे राहणे परवडत नाही, म्हणून तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणाऱ्यांची मागणी वाढली. त्याच सुमारास राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या छत्राखाली इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलने ऑपरेटरांबरोबर मेकॅनिकांसाठीही पात्रतेची मानके ठरवली, ज्यांत इंजिन, हायड्रॉलिक्स आणि विद्युत प्रणाली यांचा वेगवेगळा विचार आहे. माझ्या मते इतक्या वर्षांत या व्यवसायाच्या शिक्षणाने टाकलेले हे सर्वांत योग्य पाऊल आहे. तरी ऑपरेटर काही आठवड्यांत उभा राहतो आणि मेकॅनिक घडायला वर्षे लागतात, त्यामुळे अल्पमुदतीच्या वर्गांचा ओढा ऑपरेटरकडेच राहतो.

दरम्यान यंत्र पुन्हा बदलले आहे. एप्रिल २०२१पासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे आणि जानेवारी २०२५पासून पाचव्या टप्प्याचे निकष लागू झाले. त्यामुळे एकाच सामायिक नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणारे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे कॉमन रेल इंजिन, सेन्सरांचे जाळे आणि धुरातील काजळी अडवणारा फिल्टर हे या यंत्रांचे नेहमीचे भाग झाले. दोष शोधण्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लागतो आणि तो अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस इंजिनिअरकडे असतो. स्वतंत्र गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीला ते सॉफ्टवेअर आणि त्याचे प्रशिक्षण कोणत्या अटींवर मिळावे, याचा निर्णय सध्या प्रत्येक कंपनी आपापल्या धोरणानुसार करते.