फाइली वाचल्या, पण वाचता येईनात

सेकंड पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि भाच्यानं नवा लॅपटॉप घेतला. त्याच रविवारी तो खानापूरहून थेट आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी. एका हातात आईनं दिलेली तांदळाची पिशवी, पाठीवर लॅपटॉप. "मामा, पार्टिशन किती मारू सांगा की. वर्गातले सगळे म्हणतात चार तरी पाहिजेत. एक विंडोजला, एक अभ्यासाला, एक फोटोला, एक सिनेमाला."

मी वीसेक वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम केलंय. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं. बऱ्याच पत्रिकांना एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. माझ्या संगणकालाही सी, डी, ई, एफ अशी चार पार्टिशन होती. त्या चारांच्या भरवशावर मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो. ते पुढं सांगतो. आधी पार्टिशन म्हणजे काय, ते बघू.

डिस्क म्हणजे नंबर टाकलेल्या खणांची एक लांबच लांब रांग. खणाला सेक्टर म्हणतात आणि जुन्या हिशेबात एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. अगदी पहिल्या सेक्टरात ६४ बाइटांचा एक छोटा तक्ता असतो. त्यात १६ बाइटांच्या चार नोंदी: हा भाग अमुक सेक्टरपासून सुरू होतो आणि तमुक लांबीचा आहे. पार्टिशन ते एवढंच. नव्या संगणकांत हा तक्ता मोठा झालाय, विंडोजमध्ये त्यात १२८ नोंदी बसतात, पण मूळ कल्पना तीच. चार भावांत शेत वाटलं की मोजणीदार येतो, दगड रोवतो, बांध पडतो. मातीला त्यातलं काही कळत नाही.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला इथं एक योगायोग आठवल्याशिवाय राहत नाही. आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क जाहीर केली ती १९५६ च्या सप्टेंबरात. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढं धूड आणि जागा सुमारे ५० लाख अक्षरांची; आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तिच्यात बसायचा नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबईकडं राहिला. जमीन जागची हलली नाही, पत्ता बदलला. पुढं त्या रेघेचं काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. डिस्कवरची रेघही वाटते तितकी निरुपद्रवी नसते, म्हणून हा विषय निघाला.

मुळात इतकी पार्टिशन करायची सवय आली कुठून? हौसेनं नव्हे, नाइलाजानं. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि विंडोजच्या आधीची प्रणाली डॉस, तिच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हा चार नोंदींचा तक्ताही आला. ए आणि बी ही अक्षरं आधीच फ्लॉपींनी अडवली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी ए आणि बीच्या खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत! पुढं डिस्का मोठ्या होत गेल्या, पण फाइलींचा हिशेब ठेवणारी पद्धत तोकडी पडायला लागली. एफएटी१६ नावाच्या त्या पद्धतीत साधारण ६५ हजार खाती, म्हणजे जागेचे ठोकळे, मोजता यायची आणि एक खातं जास्तीत जास्त ३२ केबीचं. गुणाकार करा, २ जीबी होतात. म्हणजे ८ जीबीची डिस्क घेतली, तर तिचे चार तुकडे करणं भागच होतं. शिवाय एका फाइलीला निदान एक खातं लागायचंच. दोन ओळींचं पत्र असलं तरी ते ३२ केबी अडवून बसायचं. तुकडा लहान केला की खातीही लहान व्हायची आणि नासाडी कमी व्हायची. १९९६ मध्ये एफएटी३२ आली, मग घरोघर एनटीएफएस ही आणखी नवी पद्धत आली, आणि ही दोन्ही कारणं संपली. दुकानात संगणक जुळवून देणाऱ्यांचा हात मात्र त्याच वळणावर राहिला.

आज फाइली नीट लावायला पार्टिशन केलं तर काय होतं, ते घरच्या घरी बघता येतं. तीन-चार जीबीचा एखादा लग्नाचा व्हिडिओ घ्या आणि त्याच पार्टिशनमधल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कट-पेस्ट करा. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम होतं. आता तोच व्हिडिओ सीवरून डीवर न्या. हिरवी पट्टी रेंगाळत सरकते. पहिल्या वेळी फाइल जागची हललेलीच नसते, नोंदवहीत फक्त पत्ता बदललेला असतो. दुसऱ्या वेळी नोंदवहीच वेगळी असते. मग सगळा मजकूर इकडून वाचायचा, तिकडं उतरवायचा आणि मूळ पुसायचा. जुन्या फिरत्या डिस्कवर तर हे फारच जिवावर येतं, कारण पार्टिशन चार असली तरी वाचणारं डोकं त्याच एका दांडीवर असतं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि दांडी इकडून तिकडं हलायला वर आणखी आठ-दहा. एका खेपेचं हे काहीच नाही, पण अशा हजारो खेपा होतात.

न्यायानं सांगायचं तर त्या डिस्कांत पार्टिशनचा एक खरा फायदा होता. तबकडीच्या बाहेरच्या कडेला घेर मोठा, त्यामुळं एका फेऱ्यात तिथून जास्त मजकूर वाचला जातो. पहिलं पार्टिशन बहुधा या कडेला पडायचं, आणि सीवरचं विंडोज जरा चपळ चालायचं.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडी, म्हणजे चिपवर मजकूर साठवणारी डिस्क आहे. तबकडी नाही, दांडी नाही, कडही नाही. आणि एसएसडीत 'भाग' हा शब्दच फसवा आहे. तिच्या चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून आतला कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडं हलवत असतो आणि कुठला नंबर सध्या कुठं आहे याची स्वतःची वेगळी वही ठेवतो. सीमधलं विंडोज आणि डीमधले फोटो प्रत्यक्षात एकाच चिपमध्ये शेजारी शेजारी असतील. आपण मारलेला बांध फक्त कागदावरचा.

चार पार्टिशनांचा खरा जाच पुढं कळतो. कुणाला किती जागा लागेल ते पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, आणि तो अंदाज कधीच जमत नाही. वर्षाभरात सी भरून लाल होतो, तर सिनेमाचा एफ ओस पडलेला. एफमधली जागा सीला द्यावी म्हणून विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडावं, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट पडलेलं. विंडोजला मोकळी जागा सीच्या लगेच पुढं लागते. मधे दोन भावांची शेतं असताना पलीकडच्या टोकाचा तुकडा आपल्याला कसा जोडणार? कित्येकदा तर सीला चिकटून विंडोजचं स्वतःचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ॲपलनं २०१७ पासून यावर चांगली तोड काढली. फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या त्यांच्या एपीएफएस पद्धतीत एका डिस्कवर कितीही भाग करा, मोकळी जागा सगळ्यांची सामाईक. एकत्र कुटुंब, पण खोल्या वेगळ्या.

मग पार्टिशन करूच नये का? एक कारण अजूनही खणखणीत आहे. विंडोज बिघडलं, नवं टाकायचं, तर सी पुसता येतो आणि डीवरचं काम सुरक्षित राहतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून तर "सी फॉरमॅट करा, डीला हात लावू नका" हे वाक्य दुकानादुकानात ऐकू येतंय. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर मुळात सीमध्येच असतात, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. आयुष्यभराचं काम डेस्कटॉपवर आणि डीत जुनी गाणी! त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'लोकेशन' बदललं की ते डीवर जातात. दोन मिनिटांचं काम, पण करतो कोण. आणखी एक सांभाळा: विंडोज टाकताना पडद्यावर सी, डी ही अक्षरं दिसतच नाहीत, 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' असलं काहीतरी दिसतं. आकार बघून ओळखावं लागतं. सगळी पार्टिशन सारख्या आकाराची केली असतील, तर देवच राखो.

आता माझी फजिती. ऐन लग्नसराईत संगणक बसला. मी स्वतःच सी फॉरमॅट केला, विंडोज टाकलं आणि डी उघडला. सगळ्या पत्रिका जागच्या जागी. पहिली उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि चौकोनांची खिचडी. कन्नड बाजूची तीच गत. फाइली वाचल्या होत्या, पण वाचता येत नव्हत्या. त्या काळी मराठीला आम्ही श्रीलिपीचे फॉन्ट वापरायचो आणि कन्नडला नुडीचे. या जुन्या फॉन्टांत फाइलीत 'क' साठवलेला नसतोच, तिथं असतो एखाद्या रोमन चिन्हाचा नंबर. त्या चिन्हाला 'क'चं रूप देणारा फॉन्ट बसलेला असतो विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे सीवर. तो मी माझ्या हातानं पुसला होता. फॉन्टची सीडी दुसऱ्या डीटीपीवाल्याकडून मागून आणेपर्यंत दोन दिवस गेले आणि एक गिऱ्हाईकही. मजकूर एका बाजूला आणि त्याची किल्ली दुसऱ्या बाजूला, असं झालं की मधली भिंत राखण करत नाही, उलट गाफील ठेवते.

युनिकोड या आताच्या अक्षरपद्धतीत ही अडचण उरली नाही, कारण तिथं 'क'चा नंबर 'क'चाच असतो. पण आमच्यासारख्या दोन लिप्यांच्या गावात तिथंही एक गोम आहे. देवनागरी आणि कन्नड यांचे नंबर वेगवेगळे, म्हणून दोन लिप्यांत लिहिलेला पाटील संगणकाच्या लेखी दोन वेगळे इसम. एका लिपीत शोधलं तर दुसरा सापडत नाही. मी आता फाइलीचं नाव एकाच लिपीत देतो आणि तारीख पुढं टाकतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-११-२३. महिन्यांची मराठी नावं दिली, तर अक्षरक्रमानं एप्रिल पहिला येतो आणि जानेवारी चौथा! फाइली लावायला नाव आणि फोल्डर पुरतात, भिंतींची गरज लागत नाही.

आणि डिस्कच मेली तर? चारही अक्षरं एकदम जातात. खंडणीखोर व्हायरस शिरला, तर तो सी-डी असा भेदभाव करत नाही. त्यावर जुना हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

भाच्याच्या लॅपटॉपवर '५१२ जीबी' छापलंय, विंडोजमध्ये दिसतात ४७६ च्या आसपास. बनवणारा हजारानं मोजतो आणि विंडोज १०२४ नं, चोरी कुणी केलेली नाही. मी त्याला एकही पार्टिशन मारू दिलं नाही. पुढच्या सेमिस्टरला लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी प्रणाली लागेल, तेव्हा सीच्या शेपटीकडचे ६० जीबी कापून घेता येतील. लिनक्सला स्वतःचं घर लागतंच, ते कारण रास्त आहे. वाचलेल्या वेळात आम्ही बाहेर जाऊन १ टीबीची एक बाहेरून जोडायची डिस्क आणली. आठवड्याला घरी गेला की अभ्यास आणि फोटो तिच्यावर उतरवतो. सध्या त्याच्या लॅपटॉपवर सी एकटाच आहे. डी असतो खानापूरला, त्याच्या आईच्या कपाटात.