ठाण्यातले गोचीड : नाव एक, जाती अनेक

येऊरच्या पाड्यावरची गाय, भिवंडीकडच्या तबेल्यातली म्हैस आणि घोडबंदर रोडच्या सोसायटीतला कुत्रा, तिघांच्याही अंगावर दिसतात ते गोचीडच. औषधही बहुतेकदा एकच फवारतात आणि काही आठवड्यांत गोचीड परत येतात. जाती वेगवेगळ्या आहेत आणि जनावरावरून उतरल्यावर प्रत्येक जात वेगळ्या जागी राहते, हे तेव्हा लक्षात घेतलेलं नसतं.

जगात सुमारे ९०० जाती नोंदलेल्या आहेत, भारतात शंभराहून अधिक. बहुतेक कठीण कवचाच्या. मऊ अंगाच्यांपैकी कोंबड्यांवरचा अर्गास पर्सिकस दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो, रात्री रक्त पिऊन परत फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी तपासून त्याची प्रौढ अवस्था सहसा हाती लागत नाही.

गाईगुरांवर सर्वाधिक आढळतो तो ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तो बूफिलस म्हणून सापडेल. २००३ मध्ये ते नाव ऱ्हिपिसेफॅलसमध्ये विलीन झालं. मूळचा तो आशियातला, गुरांबरोबर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत गेला. लार्वा (अंड्यातून निघालेलं पिल्लू), निम्फ (अर्धवट वाढलेला), प्रौढ या तिन्ही अवस्था तो एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत पुऱ्या करतो. मग मादी गळून पडते आणि जमिनीवर दोन-तीन हजार अंडी घालते. याच्याच भाऊबंद जातीवर काम करून स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं की गुरांचा टेक्सास ताप गोचीड पसरवतात. तो ताप येतो रक्तातल्या बबेसिया जंतूंमुळे, आणि आपल्याकडे लाल लघवीचा जो आजार होतो तोही याच जंतूंमुळे. विदेशी रक्ताच्या संकरित गाईंना गोचिडांचा त्रास देशी गाईंपेक्षा जास्त होतो.

हायलोमा ॲनाटोलिकमचं वेगळं आहे. जनावर सोडल्यावर तो गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत शिरतो. नुसती म्हैस फवारली तर भेगांतले तसेच राहतात. भेगा सिमेंटने बुजवणं हाच खरा उपाय. थायलेरिया हा गुरांच्या रक्तातला जंतू पसरवणारी ही मुख्य जात. २०११ मध्ये गुजरातेत काँगो तापाचे, म्हणजे हायलोमा गोचिडांमुळे माणसांत येणाऱ्या विषाणूच्या तापाचे, रुग्ण सापडले, तेव्हापासून हायलोमाकडे आरोग्य खात्याचंही लक्ष आहे.

कुत्र्यावरचा तपकिरी ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस तीनही अवस्थांत कुत्र्याचंच रक्त पितो, पण प्रत्येक वेळी खाली उतरून कात टाकतो. त्यामुळे तो स्कर्टिंगमागे, दाराच्या चौकटीत आणि भिंतीवरही दिसतो. कुत्र्याचं औषध महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं. परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नये, ते त्याच्या जिवावर बेततं.

जंगलातला हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा लहानपणी उंदीर, चिचुंदऱ्या, पक्षी आणि माकडांवर, तर मोठेपणी गुरांवर जगतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मेली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिथला विषाणू शोधला. या गोचिडांमुळे माणसालाही होणारा तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला. माणसाला चावतो तो बहुधा निम्फ, तीळभर आकाराचा, सहज नजरेतून सुटणारा. म्हणून जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवावं.

अंगाला चिकटलेला गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावा. रॉकेल, तेल, चटका यातलं काहीही करू नये. बोटांनी चिरडूही नये. जात ओळखायची असेल तर ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकावा आणि जनावर, जागा, तारीख लिहिलेली पेन्सिलची चिठ्ठी आतच ठेवावी. शाई त्यात विरघळते.