पार्श्वभूमी : ३० जूनपर्यंतचा सेंटर-बॅक

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूचा करार ३१ डिसेंबरला नाही, ३० जूनला संपतो. मे महिन्यात हंगाम आटोपला की लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या विभागांतले क्लब एक यादी जाहीर करतात. कोणाला ठेवले, कोणाला नवा करार देऊ केला आणि कोणाला सोडले, हे त्या यादीत असते. तिला तिकडे ‘रिटेन्ड लिस्ट’ म्हणतात. सोडलेल्यांच्या रकान्यात तिशीच्या आसपासचा एखादा सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू, बहुधा असतोच. हंगामभर त्याने चेंडू डोक्याने परतवलेले असतात, दोन-तीनदा भुवईला टाके पडलेले असतात, आणि जुलैत तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या रंगाची जर्सी घालून सरावाला उभा असतो.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्द ऐकताना प्रवास आठवतो, पण त्याच्या मुळाशी ‘दिवस’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. जर्नीमन म्हणजे रोजावर काम करणारा कारागीर. त्याची उमेदवारी संपलेली असते, हातात कसब आलेले असते, पण स्वतःचे दुकान नसते. भटकंतीचा अर्थ नंतर चिकटला. खालच्या विभागांतल्या बचावपटूची कारकीर्द समजून घ्यायची तर रोजंदारीचा हा जुना अर्थच उपयोगी पडतो. त्याचे गावोगाव फिरणे त्याच्या स्वभावातून आलेले नाही. सव्वाशे वर्षांत बदलत गेलेल्या नियमांनी ते घडवले आहे.

सुरुवातीला नियम नेमके उलट होते. फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. श्रीमंत क्लब दर हंगामाला दुसऱ्यांचे खेळाडू पळवतील, ही भीती पहिल्या दिवसापासून होती. म्हणून १८९३ पासून एक व्यवस्था आली. खेळाडूचा करार वेगळा आणि त्याची नोंदणी वेगळी. करार एका हंगामाचा असे, नोंदणी मात्र क्लबच्या तिजोरीत राही. करार संपल्यावरही क्लबने ‘ठेवला’ असे कळवले की त्या खेळाडूला लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे, मग मूळ क्लब त्याला पगार देवो वा न देवो. त्यातच १९०१ मध्ये पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. ती हळूहळू वाढत १९५८ मध्ये २० पौंडांवर पोहोचली.

या दोन नियमांमुळे खेळाडू जागच्या जागी खिळला. वरच्या विभागात गेले तरी पगाराची कमाल मर्यादा तीच, मग घर मोडून जायचे कशाला? आणि जायचे म्हटले तरी क्लबने सोडले पाहिजे. स्विंडन टाउनचा लेफ्ट-बॅक जॉन ट्रॉलोप हा या जगाचा शेवटचा मोठा वारस मानावा लागेल. १९६० ते १९८० या काळात त्याने एकट्या स्विंडनकडून लीगचे ७७० सामने खेळले. एकाच क्लबसाठी इतके लीग सामने खेळण्याचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे, आणि आजच्या करारपद्धतीत तो मोडणे जवळपास अशक्य आहे.

बचावपटूचे काम कसे घडले, हेही इथेच पाहायला हवे. १९२५ पर्यंत ऑफसाइड टाळायला आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू लागत. त्या वर्षी ही संख्या दोनवर आली. पहिल्या विभागातले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ झाले. तोवर मैदानाच्या मध्यावर खेळणारा सेंटर-हाफ मागे ओढला गेला आणि दोन फुल-बॅकच्या मधोमध उभा राहिला. समोरच्या सेंटर-फॉरवर्डला रोखणारा हा तिसरा माणूस म्हणजे ‘स्टॉपर’. पुढे वरच्या विभागांत त्याचे काम नाजूक होत गेले. खालच्या विभागांत मात्र चिखलाची मैदाने, वारा आणि लांब पासांचा खेळ यांमुळे स्टॉपरचे मूळ काम टिकून राहिले.

ते काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. गोलकीपरची लांब किक येते तेव्हा एक सेंटर-बॅक चेंडूवर चढतो आणि दुसरा त्याच्या मागे काही पावले सरकून कव्हर देतो. दोघेही चढले आणि चेंडू डोक्यांना लागून मागे घसरला, तर समोर फक्त गोलकीपर उरतो. चढणाऱ्याने उडी अंमळ आधी घ्यायची असते, कारण उभ्याने उडणाऱ्यापेक्षा धावत येऊन उडणारा उंच जातो. हेडर मधोमध पडला तर ‘सेकंड बॉल’, म्हणजे हेडरनंतर सुटा पडलेला चेंडू, प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो, म्हणून तो टचलाइनच्या दिशेने किंवा आपल्या मिडफिल्डरच्या पुढ्यात पाडायचा. लांब थ्रो-इनला माणसाकडे पाहायचे की चेंडूकडे, ऑफसाइडसाठी रेषा कधी वर न्यायची, हे सगळे ओरडून सांगायचे असते. वेगाने मंदावलेला तेहतीस वर्षांचा बचावपटू लीग टूमध्ये टिकतो तो या आवाजाच्या जोरावर. १९९२ मध्ये गोलकीपरने बॅकपास हाताळण्यावर बंदी आली. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच आपल्या खेळाडूला घेता येऊ लागला. दोन्ही बदलांनी या माणसाच्या पायांची परीक्षा वाढवली, आणि अनेकांचे करार त्या परीक्षेत संपले.

आता पुन्हा नियमांकडे. खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर जानेवारी १९६१ मध्ये कमाल पगाराची मर्यादा गेली. तेव्हा संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल होता. १९६३ मध्ये न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅमने लढवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत अवाजवी ठरवली. १९७८ मध्ये करार संपल्यावर क्लब बदलण्याचा हक्क मिळाला, पण नव्या क्लबने जुन्याला भरपाई द्यायची अट राहिली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात दिलेल्या निकालाने युरोपीय संघातल्या देशांदरम्यानची ही भरपाई मोडीत काढली. इंग्लंडने १९९८ पासून देशांतर्गत बदल्यांनाही तोच न्याय लावला. २४ वर्षांवरील खेळाडू करार संपताच पूर्ण मोकळा झाला.

मोकळीक दोन्ही बाजूंनी आली, हा या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे. पूर्वी ‘फ्री ट्रान्सफर’ म्हणजे जवळजवळ नारळ होता, कारण क्लबला पैशाची आशा उरली नाही असा त्याचा अर्थ होई. १९९८ नंतर खालच्या विभागांत बदलीची तीच नेहमीची रीत झाली. भरपाई मिळणार नसेल तर अठ्ठावीस वर्षांच्या सेंटर-बॅकला तीन वर्षांचा करार देण्यात क्लबला फायदा नाही. तरुण स्ट्रायकर वर विकता येतो, तिशीकडे झुकलेला बचावपटू विकता येत नाही. तो हवा असतो, पण या वर्षापुरता. त्यात नवा मॅनेजर आला की तो सहसा विश्वासातले बचावपटू सोबत आणतो, आणि खालच्या विभागांत मॅनेजर वारंवार बदलतात.

लीगमधून बाहेर पडण्याची भीतीही याच काळात खरी झाली. १९८६ पर्यंत तळाच्या चार क्लबांना फेरनिवडणुकीला उभे राहावे लागे आणि इतर क्लब बहुधा त्यांनाच मत देत. १९८७ पासून तळाचा क्लब थेट बाहेर जाऊ लागला. त्या वर्षी लिंकन सिटी गेला आणि स्कारबरो आत आला. २००३ पासून दोन क्लब बाहेर जातात. ज्या क्लबला पुढच्या वर्षी आपण लीगमध्ये असू की नाही हे ठाऊक नाही, तो करारात पदावनती झाल्यास पगार कापण्याचे कलम घालतो आणि मुदत वर्षाचीच ठेवतो.

२००२ साली यावर आर्थिक घाव बसला. आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीने फुटबॉल लीगशी तीन वर्षांचा ३१.५ कोटी पौंडांचा करार केला होता. ती कंपनी कोसळली तेव्हा १७.८५ कोटी पौंड येणे बाकी होते. क्लबांनी ते पैसे येणारच असे धरून पगार ठरवले होते. त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडू मोकळे केले गेले. त्यानंतर खेळाडूंवरचा खर्च उलाढालीच्या ठराविक टक्क्यांत ठेवण्याचा नियम आला. २०१०च्या दशकात ही मर्यादा लीग वनमध्ये ६० आणि लीग टूमध्ये ५५ टक्के होती. २०२० मध्ये क्लबांनी लीग वनसाठी २५ लाख आणि लीग टूसाठी १५ लाख पौंडांची सरसकट पगारमर्यादा मंजूर केली. खेळाडूंची संघटना लवादात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मर्यादा रद्द झाली. १९०१ चा वाद पुन्हा नव्याने लढला गेला आणि या वेळी खेळाडू जिंकले, ही समाधानाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष करारात मूळ पगाराशिवाय सामन्यागणिक मिळणारा भत्ता, बढतीचा बोनस आणि साइन-ऑन फी, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम, असते. ही फी एकरकमी मिळत नाही, कराराच्या वर्षांत समान हप्त्यांनी मिळते, त्यामुळे एक वर्षाच्या करारात ती नाममात्र ठरते. घर बदलण्याच्या खर्चापैकी ८,००० पौंडांपर्यंतची रक्कम क्लबला करमुक्त देता येते. दरवर्षी मुलांची शाळा बदलायला लागू नये म्हणून बरेच जण कुटुंब एका जागी ठेवतात आणि स्वतः चार-पाच सहकाऱ्यांसह एका गाडीने सरावाला जातात. सर्वांत नाजूक कलम म्हणजे ठराविक सामने सुरुवातीपासून खेळल्यास आणखी एक वर्ष आपोआप मिळण्याचे. पैसा कमी पडू लागला की त्या आकड्याच्या एक-दोन सामने अलीकडेच खेळाडू बाकावर जातो. कागदावर त्याला ‘संघनिवड’ म्हणतात, म्हणून दाद मागणे अवघड असते.

दुखापतीचे गणितही मुदतीशी बांधलेले आहे. गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट तुटला तर परतायला आठ-नऊ महिने सहज लागतात. ऑक्टोबरमध्ये तो तुटला आणि करार जूनमध्ये संपत असला, तर खेळाडू बरा होतो तेव्हा त्याला क्लब नसतो. एके काळी हंगामाच्या मध्यात ‘इमर्जन्सी लोन’चा आधार होता. किमान २८ आणि कमाल ९३ दिवसांसाठी, बदलीचा काळ बंद असतानाही, दुसऱ्या क्लबकडे उसने जाता येई. २०१६ च्या उन्हाळ्यात ही सोय बंद झाली. आता हंगामाच्या मध्यात बचावपटू जायबंदी झाला की क्लब करार नसलेल्यांकडे वळतो आणि जानेवारीपर्यंतचा करार देतो.

या सगळ्या नियमांचा साचा मायकेल नेल्सनच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. ईशान्य इंग्लंडच्या या उंच सेंटर-बॅकला ‘बरी’ या लीगमधल्या क्लबने २००१ मध्ये बिशप ऑकलंड या बिगर-लीग क्लबमधून घेतले. २००३ ते २००९ तो हार्टलपूलला होता, आणि तेवढाच त्याचा लांब मुक्काम. पुढे नॉर्विच. एप्रिल २०१० मध्ये चार्ल्टनच्या मैदानावर नॉर्विच १-० ने जिंकून लीग वनमधून वर गेला. तो गोल नेल्सनचा होता. वरच्या विभागात मात्र त्याला जागा उरली नाही आणि २०११ च्या जानेवारीत तो स्कन्थॉर्पला गेला. नंतर स्कॉटलंडमध्ये किल्मार्नॉक, पुन्हा इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड, मग हिबर्निअन, केंब्रिज, बार्नेट, आणि शेवटी लीगमधून नुकताच बाहेर पडलेला चेस्टरफील्ड. ज्या बिगर-लीग फुटबॉलमधून तो आला, तिथेच परतला. बरीपासून चेस्टरफील्डपर्यंत दहा क्लब आणि मधे एक सुवर्णक्षण. ज्याने बढतीचा गोल केला त्याला त्याच बढतीने जागा गमवायला लावावी, हे या धंद्यात नेहमी घडते आणि तरीही चटका लावते.

सगळ्यांचे असेच होते असे नाही. राइट-बॅक ग्रॅहम अलेक्झांडरने स्कन्थॉर्प, ल्युटन, प्रेस्टन आणि बर्नली असा प्रवास करत वयाच्या ३७व्या वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला. एप्रिल २०११ मध्ये, पुन्हा स्कन्थॉर्पकडून, त्याने हजारावा व्यावसायिक सामना गाठला. तो पेनल्टी भरवशाने मारायचा. बचावपटूकडे असे एखादे जादा कसब असले की करार वर्षाने लांबतो.

क्लबच बुडाला तर काय, हे बरीने दाखवले. बायचुंग भुतियामुळे हे नाव भारतात ओळखीचे. १९९९ मध्ये तो तिथे गेला होता. २०१९ च्या एप्रिलअखेरीस बरीने लीग टूमधून बढती मिळवली, खेळाडूंचे पगार थकलेले होते, आणि ऑगस्टमध्ये क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. दिवाळखोर क्लबला लीगमध्ये राहायचे असेल तर खेळाडूंची देणी आधी आणि पूर्ण फेडावी लागतात. पण क्लब लीगमध्येच राहिला नाही तर हा दबावच उरत नाही. शिवाय हंगाम सुरू झालेला, इतर क्लबांचे पगाराचे पैसे वाटून संपलेले.

महाराष्ट्राशी या साखळीचा एक दुवा २०१५ मध्ये जुळला. त्या वर्षीचे इंडियन सुपर लीग ३ ऑक्टोबर ते २० डिसेंबर असे जेमतेम अडीच महिन्यांचे होते. प्रशिक्षक डेव्हिड प्लॅटच्या एफसी पुणे सिटीने बालेवाडीत दोन इंग्रज बचावपटू आणले. निकी शोरी हा लेटन ओरिएंटमध्ये घडलेला आणि पुढे इंग्लंडकडून दोन सामने खेळलेला लेफ्ट-बॅक. रॉजर जॉन्सन हा विकम वाँडरर्समधून वर आलेला सेंटर-बॅक, २०११ मध्ये आर्सेनलला हरवून लीग कप जिंकणाऱ्या बर्मिंगहॅम संघातला. भारतातला मोसम डिसेंबरात संपे आणि इंग्लंडमधला बदलीचा काळ जानेवारीत उघडे, म्हणून करार नसलेल्या बचावपटूला ही मधली मुदत बरोबर बसायची. जॉन्सन २०१६ च्या जानेवारीत चार्ल्टनला परतला. त्याच हंगामात चार्ल्टन लीग वनमध्ये घसरला, आणि जॉन्सन पुढे ब्रॉम्ली या बिगर-लीग क्लबकडून खेळला.